हरला तर माझ्याकडे

तुमचा दादा टेनिस खेळायला ठाण्याला येणार हे कळलं, तेव्हा मी आधी एका जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारल्या. हे तुम्हाला तुमची आई वाचून दाखवणार, आणि इथे ती हसणार, कारण तिच्या लग्नात पाहुण्यांच्या खोल्यासुद्धा मी अशाच रेघा मारून वाटल्या होत्या. हसू दे. पण सूनबाई, पुढे तुझ्या आईबद्दल बरंच काही येणार आहे. ते गाळायचं नाही आणि वाचताना मवाळही करायचं नाही.

दादाची स्पर्धा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचं भरलेलं स्टेडियम येत असेल. ही तशी नव्हती. व्यावसायिक टेनिसची ही सगळ्यात खालची पायरी. कोलशेतला जुन्या कारखान्यांच्या जागी आता टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या मागे एक क्लब आहे. तिथल्या निळ्या कोर्टांवर आठवडाभर पुरुष एकेरीचे सामने होते. तिकीट नव्हतं. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईबाप आणि सकाळचं चालणं आटोपून टेकलेले आमच्या वयाचे लोक. कुठकुठल्या देशांतून मुलं पदरचे पैसे घालून येतात, आणि राहायची सोय ज्याची त्याने बघायची असते. तुमच्या दादाची सोय बघायला दोन आज्या होत्या.

मुख्य फेरीत थेट घेतील एवढं काही दादाचं मानांकन नाही. त्याला आधी पात्रता फेरी खेळायची होती. रविवारी एक सामना. तो जिंकला तर सोमवारी दुसरा. तोही जिंकला, तर मंगळवारपासून मुख्य फेरी. मी कागदावर वाटणी केली ती अशी: पात्रता फेरी डोंबिवलीला, मुख्य फेरी ठाण्याला. मी मुलाकडची, तेव्हा मुख्य फेरी माझी, हे मला इतकं उघड वाटत होतं की त्यावर मी दोनदा विचारही केला नाही. शिवाय सोमवारी तो हरला असता तरी पुढच्या स्पर्धेच्या गावाला जाईपर्यंत बाळकुमला माझ्याकडेच राहिला असता. दोन्हीकडून तो माझ्याकडेच येत होता. वाटणी झाल्यावर मी डोंबिवलीला फोन केला.

"विहीणबाई, तो उतरला की आधी तुमच्याकडे. रविवार-सोमवार तुमचे. मग मी त्याला घेऊन येते."

"अहो, चालेल की! मला काय, दोन दिवस तर दोन दिवस. तुमच्यासारखं एसीचं घर नाही हो आमचं, पण पोरगं उपाशी नाही राहायचं."

हा टोमणा होता हे मला फोन ठेवल्यावर कळलं. त्यांचे टोमणे असेच असतात, हसत दिलेले. आपण चहाचा कप विसळत असताना ते लागतात.

तुमच्या डोंबिवलीच्या आजीचा मला हेवा वाटतो, आणि तो दादा जन्मला तेव्हापासून वाटतो. पहिलं बाळंतपण मुलीच्या आईने करायचं, ही आपल्याकडची रीत. त्या तिकडे परदेशी गेल्या. दादाला पहिली आंघोळ त्यांनी घातली, तेल त्यांनी चोळलं, आणि लांब पसरलेल्या पायांवर त्याला निजवून त्या कसलीशी गाणी म्हणत. ते सगळं मी इथे बसून कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं, आवाज मागून आणि चित्र पुढे. पुढे मीही तिकडे आले, पण तोवर त्याला मान धरता येत होती आणि माझ्याकडे दिलं की तो रडायचा. तुम्हा दोघांच्या वेळीही तेच. व्हिडिओ कॉलवर दात पडलेला आधी त्यांना दाखवता तुम्ही. नाही म्हणू नका. त्या मला लगेच फोन करून सांगतात.

आणि तो पूल! पूर्वी डोंबिवलीहून आमच्याकडे यायचं म्हणजे शीळ, मुंब्रा असा वळसा घालत अर्धा दिवस जायचा. आता मोठागावहून खाडीवर नवा पूल झालाय. विहीणबाई म्हणतात, "गाडीत बसले की बोलता बोलता पोचते." त्या गाडीत कुणाशी बोलतात ते मला ठाऊक नाही. पण पूल नसता तर डोंबिवलीत राहून कोलशेतला खेळायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं, हे लक्षात ठेवा. माझी वाटणी चुकली त्यात पुलाचाही हात आहे.

शनिवारी दादा उतरला. दुपारी घरच्या ग्रुपवर फोटो आला. दादा त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसलेला, ताटात वरणभाताचा डोंगर. खाली लिहिलेलं, "राजा जेवतोय." माझ्याकडे चांगलं सहा खुर्च्यांचं टेबल आहे. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि वाल भिजत घातले.

वालाचं बिरडं घाईत होत नाही, हे तुमच्या आईला माहीत आहे. वाल भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचा. शनिवारी भिजवले तर सोमवारी रात्रीच्या जेवणाला होतात. माझा कागद मला पाठ होता.

रविवारी मी क्लबवर पोचले तर विहीणबाई आधीच येऊन बसलेल्या. अंगावर चांगली मोरपंखी साडी आणि पायांत फिरायला जायचे बूट. "या, या, तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवलीय," असं त्यांनी ओरडून सांगितलं, तेव्हा पलीकडच्या कोर्टवर एकजण सर्व्ह करायचा थांबला.

मला टेनिस कळतं. तुमचे आजोबा आणि मी कितीतरी वर्षं जुलै महिन्यात टीव्हीसमोर हलत नसू. अ‍ॅडव्हान्टेज, टायब्रेक, फूटफॉल्ट, सगळं कळतं मला, आणि गप्प कधी बसायचं तेही. विहीणबाईंना फक्त दादा कुठला तेवढं कळत होतं. समोरच्या मुलाने दोन्ही सर्व्हिस जाळीत मारल्या की त्या टाळ्या वाजवत.

"विहीणबाई, त्याच्या चुकीवर टाळ्या वाजवत नाहीत."

"का? पॉइंट आपल्याला मिळाला ना?"

"मिळाला. पण तसा शिष्टाचार असतो."

"असू दे की. तो त्याच्या आजीने पाळावा."

मागच्या रांगेतले एक गृहस्थ हसले. मी नाही हसले, पण खोटं कशाला बोलू, उत्तर चांगलं होतं. तेही मला खुपलंच.

दादा जिंकला. छान जिंकला. घामाने निथळत जाळीपाशी आला, आणि मी उठून उभी राहिले, तर तो माझ्या शेजारी बघून म्हणाला, "आजी! दही! दही कमाल आहे!"

सकाळी तो निघताना त्यांनी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली होती. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाला घरातल्या मोठ्या बाईने द्यायची, ही पद्धत. मी ती कधी पाळली नाही. शाळेत आम्हाला नन्स शिकवायला होत्या, आणि आजोबा तर या सगळ्याला हसायचेच. तुमच्या बाबांना परीक्षेला पाठवताना मी पेन्सिलींना टोकं काढून दिली आणि रुमाल दिला. ते पासही झाले, चांगल्या मार्कांनी. पण पेन्सिलीला टोक काढल्याची आठवण कुणी जाळीपाशी येऊन ओरडून सांगत नाही.

मग दादा माझ्याकडे वळला. "ठाणे आजी, एक सांगू? रागवू नकोस हं. उद्या जिंकलो तर मी तिकडेच राहीन."

"तिकडे म्हणजे?"

"डोंबिवली. जिंकताना काही चेंज नाही करायचं, आजी. सगळे प्लेअर्स तसंच करतात. सेम बेड, सेम ब्रेकफास्ट, सेम सॉक्स."

"मोजे धुतोस ना निदान?"

"मी धुते की रोज," विहीणबाई म्हणाल्या. "पंख्याखाली वाळतात."

घरी येताना रिक्षात मला माझ्या वाटणीतली चूक दिसली. इतकी वर्षं टेनिस बघितलं, पण ते खेळाडू झोपतात कुठे, खातात काय, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मुख्य फेरीत जाणार तो जिंकून जाणार, आणि जिंकणारा आपली जागा हलवत नाही. म्हणजे मी स्वतःसाठी राखून ठेवलेली मुख्य फेरी माझ्या घरी येणं शक्यच नव्हतं. उद्या जिंकला तर डोंबिवली. हरला तर माझ्याकडे.

घरात फडक्यात बांधलेल्या वालांना मोड आले होते. चांगले लांब, वाकडे. मी ते उघडून पाहिले आणि पुन्हा बांधून ठेवले.

सोमवारचा सामना रणरणत्या उन्हात झाला. फेब्रुवारी असून मे महिन्यासारखं तापलं होतं आणि बाजूच्या बांधकामाची धूळ कोर्टवर येत होती. समोर एक उंच, डावखुरा मुलगा. पहिला सेट त्याचा, दुसरा दादाचा. पात्रता फेरीत तिसरा सेट खेळवत नाहीत. त्याऐवजी एक लांब टायब्रेक असतो, आधी दहा गुण करील तो जिंकला. मी हे विहीणबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. त्या डोळे मिटून ओठ हलवत होत्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की एक डोळा उघडून विचारत, "आपला?"

मी डोळे उघडे ठेवून बसले होते. दादाचा चांगला फटका लागला की मी टाळी वाजवत होते, पण मला ती वाजवायची आठवण करावी लागत होती. आठ-आठ झाले तेव्हा माझ्या मनात काय होतं सांगू? वाल सोलायला किती वेळ लागेल, आणि वाटेत नारळ घ्यावा लागेल का. मग दादाचा बॅकहँड बाहेर गेला. पुढचा जाळीत.

विहीणबाई रडल्या. मोकळेपणी, पदर डोळ्यांना लावून, लोकांसमोर. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. क्लबच्या दारात त्यांनी दादाची मोठी बॅग ओढत आणून माझ्यापुढे ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "घ्या."

दादा माझ्या टेबलाशी बसला. मी बिरडं वाढलं, गरम भात, तूप. "मस्त आहे, आजी," तो म्हणाला आणि ताटात चमचा फिरवत राहिला. अर्धं तसंच टाकलं. मग आजोबांच्या खोलीत जाऊन आडवा झाला आणि दिवा न विझवताच झोपला. मी दारात उभी राहून त्याचा श्वास ऐकला. तो दुःखी होता आणि मला फार बरं वाटत होतं. दोन्ही एकाच घरात, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. पात्रतेच्या शेवटच्या सामन्यात हरलेल्या मुलांना एक आशा उरते. मुख्य फेरीतल्या कुणाला दुखापत झाली किंवा कुणी आजारी पडून बाहेर गेलं, तर त्याच्या जागी यातल्या एकाला घेतात. त्याला लकी लूझर म्हणतात. पण त्यासाठी सकाळी सही करून, बूट बांधून, क्लबवर हजर राहावं लागतं. म्हणजे दुसऱ्याचं काही बिघडेल याची वाट बघत बसायचं.

मंगळवारी सकाळी दादा तयार होऊन टेबलाशी आला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "आजी, दही नको हं."

"मी देतच नव्हते."

"काल दही खाऊन हरलो. दही फिनिश."

मी पाठमोरी होऊन टोस्टरकडे बघत राहिले, कारण माझा चेहरा त्याने बघू नये असं मला वाटलं. मग टोस्टला लोणी लावलं आणि फ्रिजमधून साखरआंब्याची बरणी काढली. गेल्या मे महिन्यातला, तळाशी थोडासाच उरलेला. तो टोस्टवर पसरला. त्याने एक खाल्ला आणि विचारलं, "हे काय आहे?" आणि आणखी दोन खाल्ले.

क्लबवर विहीणबाई आलेल्या. सामना नव्हता, काही नव्हतं, तरी पूल ओलांडून आलेल्या. मांडीवर स्टीलचा डबा. "दही आणलंय. साखर घालूनच आणलंय. काल मी घाईत साखर कमी घातली होती, माझंच चुकलं."

"आजी, दही नको आता," दादाने त्यांना सांगितलं. नीट सांगितलं, हात धरून. "लकी नाही राहिलं ते."

"बरं," त्या म्हणाल्या. डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "काल बिरडं केलं होतंत म्हणे."

"हो."

"वाल कधी भिजत घातले होते?"

"शनिवारी."

"हं."

 दादा हरलेल्या इतर मुलांबरोबर बाकावर बसला होता. सगळे मोबाईलमध्ये बघत होते आणि कुणी लंगडत आत आलं की सगळ्यांची मान एकदम वर होत होती. उन्हं चढल्यावर स्पर्धेचे एक अधिकारी आले आणि त्यांनी दादाचं नाव पुकारलं. कुणा परदेशी खेळाडूचं पोट बिघडलं होतं.

दादा धावत माझ्याकडे रॅकेटची बॅग घ्यायला आला. कान लाल झालेले. हळूच म्हणाला, "आजी, तो बिचारा रात्रभर उलट्या करतोय आणि मला आनंद झाला. मी वाईट आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "जा, खेळ."

तो काय खेळला त्या दिवशी! दुसऱ्याची जागा मिळालेली, तयारी नाही, आणि समोर त्याच्यापेक्षा वरच्या क्रमांकाचा खेळाडू. पण जणू कालचा सगळा राग त्याने जपून ठेवला होता. मी टाळ्या वाजवत होते, तळहात दुखेपर्यंत, आणि या वेळी आठवण करावी लागत नव्हती. समोरच्याच्या चुकीवर एकदा वाजवली. मागच्या गृहस्थांनी खाकरून दाखवलं.

दुसऱ्या सेटच्या मध्यावर विहीणबाईंनी डबा उघडला. "आता कुणासाठी ठेवायचं? उन्हात आंबेल. खा." चमचा एकच होता. एक घास त्यांनी घेतला, एक मला दिला. दही घट्ट होतं, सुरीने वडी पडावी असं, आणि आंबटपणा अगदी हवा तेवढा. असं दही मला साऱ्या आयुष्यात लावता आलेलं नाही. हे लिहिताना मला त्रास होतो आहे, पण तुम्ही खाल्लंयत ते, तुम्हाला फसवून काय उपयोग.

दादा जिंकला. या वेळी तो जाळीपाशी आला तो माझ्याकडे बघत. "ठाणे आजी! टोस्ट!"

"कसला टोस्ट?" विहीणबाईंनी विचारलं.

"टोस्ट आणि ते मँगोवालं."

"साखरआंबा," मी म्हणाले. "घरचा."

"हो का? मला सांगा हं कसा करता."

"साधाच असतो हो. त्यात काय सांगायचं."

ठरलं. आता तो ठाण्याला राहणार, सेम बेड, सेम टोस्ट. विहीणबाई उठल्या, साडी झटकली आणि घाईघाईने गाडीकडे गेल्या. डबा खुर्चीवर राहिला. तो मी पिशवीत घातला.

बुधवारचा दिवस मला मिळाला. तो सकाळी सरावाला जाऊन आला आणि मग दिवसभर घरात होता. हॉलमध्ये भिंतीवर चेंडू आपटत होता, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "काकू, कसला आवाज येतोय हो?" मी दार सताड उघडलं, म्हणजे त्यांना आतला उंच मुलगा दिसावा. "नातू आहे. मुख्य फेरीत खेळतोय." त्यांना मुख्य फेरी म्हणजे काय ते कळलं नाही, तर मी त्यांना बसवून सांगितलं. दुपारी दादाने मला विचारलं की आजोबा कसे हसायचे. मी हसून दाखवलं. तो म्हणाला, बाबा पण असंच हसतात. बास, एवढंच. पण हे संभाषण डोंबिवलीत झालं नसतं.

मी ग्रुपवर टोस्टचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. विहीणबाईंनी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

गुरुवारी दुसरी फेरी. समोर स्पर्धेतला वरचा मानांकित खेळाडू. आम्ही दोघी शेजारी शेजारी. खुर्ची या वेळी मी धरून ठेवली होती. दादाने पहिला सेट घालवला, पण दुसऱ्यात तो टिकून होता, एकेक गेम ओढत नेत होता. आणि मला ते ऐकू आलं. चांगला फटका बसला की सगळे टाळ्या वाजवत, त्या थांबत, आणि मग माझ्या डाव्या बाजूने एक टाळी येई. एकटी, उशिरा. मी वळून पाहिलं नाही. ती टाळी मला ओळखीची होती. सोमवारी मी तशीच वाजवत होते.

मग मला उमगलं. जिंकला तर तो माझ्याकडे राहणार होता. हरला तर टोस्टही गेला, बेडही गेला, आणि रविवारपर्यंतचे दिवस रिकामे. तेव्हा तो डोंबिवलीला जायला मोकळा.

तो हरला. विहीणबाई या वेळी रडल्या नाहीत. तो बाहेर आला तशी त्यांनी त्याचा दंड धरला. "चल राजा, आता माझ्याकडे. पुरण वाटून ठेवलंय. गरम गरम पोळ्या लाटते."

वाटून ठेवलंय. डाळ शिजवायची, गूळ घालून आटवायचं, मग वाटायचं. हे काम सकाळी झालेलं होतं, सामन्याच्या आधी. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. मी विचारू शकले असते. "हं" सुद्धा म्हणू शकले असते. मी पाण्याची बाटली बंद करत राहिले.

पण दादा म्हणाला, "आजी, सॉरी. आजच निघतो मी. नेक्स्ट टूर्नामेंटला लवकर जाऊन प्रॅक्टिस करायचीय. कोर्ट स्लो आहेत तिथे."

"आज?" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

संध्याकाळी गाडी बाळकुमला बोलावली. विहीणबाई आमच्याकडेच आल्या. परत जाऊन पुन्हा येण्यापेक्षा बरं म्हणाल्या. तासभर माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी फ्रिजचं दार दोनदा उघडलं, पाणी हवं म्हणून. साखरआंब्याची बरणी मी सकाळीच वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. लिफ्टपाशी दादा नमस्काराला वाकला. आधी त्यांच्या पाया पडला. त्या जवळ उभ्या होत्या म्हणून, हे मला कळतं. तरी आधी त्यांच्याच.

रविवारी ग्रुपवर त्याचा फोटो आला. कुठल्याशा हॉटेलचं टेबल, स्टीलच्या ताटलीत दोन इडल्या. "पहिली मॅच जिंकलो! आता रोज इडली."

फोटो येऊन मिनिट झालं नसेल तोच माझा फोन वाजला.

"बघितलंत का?" विहीणबाई म्हणाल्या. "इडली म्हणे!"

"बघितलं."

"हॉटेलची. कोण करतं कुणास ठाऊक. हात तरी धुतो का तो?"

"चटणी बघा कशी पातळ आहे."

"पाणी नुसतं!" त्यांना इतकं बरं वाटलं की त्या हसायला लागल्या. मलाही हसू आलं. आम्ही त्या इडलीबद्दल बराच वेळ बोललो. इतका वेळ आम्ही दोघी फोनवर कधीच बोललो नव्हतो. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, आणि माझा डबा तुमच्याकडे राहिलाय ना? दह्याचा."

"आहे. घासून ठेवलाय. येईन तेव्हा आणते."

"या ना. शनिवारीच या. आणि ते तुमचं टोस्टवरचं, काय ते..."

"बघू," मी म्हणाले.

आता डबा माझ्यासमोर ओट्यावर आहे. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि ही रीत मात्र मी पहिल्यापासून पाळत आले आहे, आजोबा हसले तरी. तळाचा साखरआंबा त्या डब्यात नेमका मावला असता. मी बरणी खाली काढली, झाकण उघडलं, वास घेतला. पुढच्या वर्षी दादा पुन्हा या स्पर्धेला येणार म्हणतो आहे. पात्रता फेरी कुठे आणि मुख्य फेरी कुठे, हे आता कागदावर ठरत नाही, तेवढं मला कळलंय.

बरणी मी पुन्हा पिठाच्या डब्यामागे ठेवली. नारळ फोडला आणि खोबऱ्याच्या वड्या केल्या. वेलची घालून, अगदी चांगल्या. विहीणबाईंचा डबा काठोकाठ भरला.